गाण्याचा सातबारा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गाण्याला तोटा नाही. होळी जवळ आली की पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या तांड्यांवर लेंगी सुरू होते. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागातील कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांवर ढेमशाचा ताल घुमतो. दिवाळीत दंडार उभी राहते, पोळ्याला बैलांसमोर झडत्या रंगतात. एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम, नवरात्रात यवतमाळचा दुर्गोत्सव आणि वर्षभर गावोगावी खंजिरीची भजने. सोळा तालुक्यांत असे गाव शोधून काढावे लागेल की जिथे चार गाणारे आणि दोन वाजवणारे नाहीत.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या गाण्याच्या व्यवहारात मोठा बदल झाला. पूर्वी गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे आणि कॅसेट कंपनीच्या मर्जीवर बसावे लागे. आज दहा बाय दहाच्या खोलीत संगणक आणि मायक्रोफोन लावून तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालतात. तरुण मुलगा स्वतः गाणे लिहितो, चाल बांधतो, गातो, मित्राच्या मोबाइलवर चित्रीकरण करतो आणि रात्रीच यूट्यूबवर टाकतो. अशा कलावंताला आता ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणतात. या स्वातंत्र्याला दुसरी बाजूही आहे. कंपनीत हिशेबनीस, वकील, विक्री प्रतिनिधी असतात. स्वतंत्र कलावंताला ही तिन्ही कामे स्वतःच करावी लागतात. गुरूने त्याला सूर दिला, ताल दिला. करार कसा वाचावा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

मी वाणिज्य शाखेचा शिक्षक आहे. गाणे मला येत नाही. पण काही वर्षांपासून रविवारी सकाळी गायक-वादकांसोबत बसून मी त्यांचे कागद वाचून देतो, हिशेब मांडून देतो. त्याची फी नाही. या बैठकांमध्ये तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. गाणे कोणाचे? सही केली म्हणजे सगळे गेले का? पैसा कुठून येतो? आणि हे सगळे फुकट कुठे शिकायला मिळेल? या प्रश्नांची उत्तरे आज आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

एकाच गाण्यात तीन वावरे

कॉपीराइट हा शब्द ऐकला की आपले कलावंत बिचकतात. पण जमिनीचा सातबारा न कळणारा माणूस आपल्या जिल्ह्यात विरळा. मालक कोण, कसणारा कोण, हिस्सा किती, बोजा कोणाचा, हे सारे आपण एका नजरेत वाचतो. गाण्याचेही तसेच आहे. फरक एवढाच की शेताचा धुरा डोळ्यांना दिसतो, गाण्याचा दिसत नाही.

गाणे आपल्याला एक वाटते. कायद्याच्या दृष्टीने ती शेजारी शेजारी असलेली तीन वावरे आहेत. पहिले वावर रचनेचे. त्यातही दोन हिस्से: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. दुसरे वावर ध्वनिमुद्रणाचे, म्हणजे स्टुडिओत तयार झालेल्या त्या विशिष्ट मुद्रणाचे. ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली, तो निर्माता कायद्याने त्याचा मालक. तिसरे वावर सादरीकरणाचे. गायक आणि वादक यांनी जे प्रत्यक्ष गायले-वाजवले, त्यावर त्यांचा स्वतंत्र हक्क असतो.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येईल. शब्द, चाल, आवाज आणि खर्च हे चारही एकाच माणसाचे असतील, तर तिन्ही वावरे त्याचीच. पण दिग्रसच्या मुलाने लिहिले, पुसदच्या मित्राने चाल दिली, आर्णीच्या मुलीने गायले आणि स्टुडिओचा खर्च मामाने केला, तर हा सामाईक सातबारा झाला. सामाईक जमिनीत वाटणीचा कागद नसला की काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. गाणे चालले नाही तोवर सगळे मित्र असतात. गाणे चालले की भांडण सुरू होते.

म्हणून आमच्या बैठकीतला पहिला धडा असा: स्टुडिओत शिरण्यापूर्वी वहीचे एक पान घ्या. गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायक-वादक कोण, खर्च कोणी किती केला आणि उत्पन्नात कोणाचा किती हिस्सा, हे लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. समजा, गाण्याला २४ हजार रुपये खर्च आला आणि वर्षभरात ४० हजार मिळाले. आधी मामाचे २४ हजार परत करायचे आणि उरलेल्या १६ हजारांची ठरल्याप्रमाणे वाटणी करायची, की मामालाही कायमचा हिस्सा द्यायचा? दोन्ही चालेल, पण आधी लिहिलेले हवे. पैसा घातला म्हणून मामा शब्दांचा मालक होत नाही. ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो आहे की कलावंत, हे मात्र त्या पानावर स्पष्ट केलेच पाहिजे.

कॉपीराइट मिळवण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. रचना निर्माण झाली की हक्क निर्माण होतो. नोंदणी हा पुरावा आहे आणि वाद झाला तर तो कामी येतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे घरबसल्या अर्ज करता येतो. शब्दांसाठी किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. ज्याला तेही परवडत नाही, त्याने निदान तारखेनिशी वही, पहिले मोबाइल ध्वनिमुद्रण आणि स्टुडिओची पावती जपून ठेवावी.

गावठाण कुठले, खासगी कुठले?

दुसऱ्याच्या रचना कधी वापरता येतात, हा पुढचा प्रश्न. रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो. त्यानंतर रचना सर्वांची होते, गावठाणासारखी. तुकोबांचे अभंग सतराव्या शतकातले; ते कोणीही गावेत, कोणीही चाल लावावी. पण एखाद्या मोठ्या गायिकेने गायलेल्या अभंगाचे मुद्रण उचलून आपल्या चित्रफितीला लावता येणार नाही. अभंग गावठाणात असला तरी त्यावर बांधलेले घर कोणाचे तरी असते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ सालचे. मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजायची, म्हणजे कायद्याचा नियम २०२८ अखेरपर्यंत जातो. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या रचनांची मुदत २०२९ अखेर. महाकवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ अखेर. भजन किंवा भीमगीत भक्तिभावाने म्हणायला कोणी कोणाला अडवत नाही. धार्मिक विधीतील आणि लग्नसमारंभातील सादरीकरणाला कायद्यातच सूट आहे. पण तेच गाणे ध्वनिमुद्रित करून बाजारात आणायचे तर वारसांची किंवा हक्कधारकाची परवानगी लागते.

आपल्याकडे सर्रास होणारी गोष्ट म्हणजे हिंदी चित्रपटाच्या चालीवर शब्द बसवणे. शब्द तुमचे असले तरी वावर दुसऱ्याचे आहे. यूट्यूबवरची शोधयंत्रणा ती चाल ओळखू शकते आणि त्या चित्रफितीचे उत्पन्न मूळ हक्कधारकाकडे वळू शकते. फुकट उतरवून घेतलेल्या कराओके ट्रॅकचेही तेच. ज्याला गाण्यातून काही मिळवायचे आहे, त्याने चाल स्वतःची बांधावी. आपल्या मातीत चालींचा दुष्काळ नाही.

आता लोकगीतांचे काय? परंपरेने आलेल्या लेंगीचा किंवा दंडारीतल्या गाण्याचा एक मालक दाखवता येत नाही. म्हणून कोणी तांड्यावर यावे, म्हाताऱ्या आजीला गायला लावावे, मोबाइलवर मुद्रण करून न्यावे आणि स्वतःच्या नावाने लावावे, असे चालते का? चालत नाही. गाणे परंपरेचे असले तरी ते गाणे त्या आजीचे सादरीकरण आहे. तिच्या संमतीशिवाय त्याचे मुद्रण करून व्यापार करता येत नाही आणि कलावंत म्हणून तिचे नाव यायला हवे. हा सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो. कायद्याने सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, गारुडी आणि जादूगार यांनाही घेतले आहे. आपण मात्र त्यांना कलावंत म्हणायलाही कचरतो.

खरेदीखत, मक्ता आणि बटई

कंपनीशी करार होतो तेव्हा कागदावर इंग्रजी शब्द कोणतेही असोत, व्यवहार तीनच प्रकारचे असतात. हक्क लिहून देणे म्हणजे खरेदीखत. ठरावीक काळासाठी, ठरावीक कामासाठी परवानगी देणे म्हणजे मक्ता. उत्पन्नात हिस्सा ठेवणे म्हणजे बटई. शेत मक्त्याने देताना आपण विचारतो: किती सालांसाठी, कोणते पीक, पैसे कधी? गाणे देताना नेमके हेच प्रश्न विचारायचे असतात. किती वर्षांसाठी? कुठल्या प्रदेशासाठी? कोणत्या माध्यमासाठी? मोबदला किती आणि हिशेब दर किती महिन्यांनी?

दारव्हा तालुक्यातील एका गायकाचे उदाहरण सांगतो. त्याचे नाव सांगत नाही, कंपनीचेही नाही. त्याने स्वतः लिहिलेली आणि चाल लावलेली तीन गाणी २०१६ मध्ये एका कंपनीला पाच हजार रुपयांत दिली. त्यातले एक गाणे लग्नांच्या वरातीत खूप वाजले. पुढे त्याने स्वतःच्या स्टेज कार्यक्रमाची चित्रफीत यूट्यूबवर टाकली, तर कंपनीच्या दाव्यामुळे ती उतरली. स्वतःचेच गाणे गायला आपण चोर ठरलो, याचे त्याला फार वाईट वाटले. पण ‘मीच सही केली’ म्हणून तो गप्प बसला. घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च आणि कार्यक्रमांचे पैसे बेभरवशाचे.

२०२३ मध्ये तो कागद घेऊन आला. दोन पानांचा इंग्रजी करार. आम्ही एकेक ओळ वाचली. शब्द आणि चालीचे हक्क कंपनीला दिले, असे लिहिले होते; पण किती वर्षांसाठी हे कुठेच नव्हते, प्रदेशही नव्हता. आपला कायदा सांगतो की हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत समजावा. म्हणजे शब्द आणि चाल २०२१ मध्येच त्याच्याकडे परत आली होती. कागद सात वर्षे त्याच्याच ट्रंकेत होता. वाचला कोणीच नव्हता.

सगळेच परत आले असे नाही. स्टुडिओचा खर्च कंपनीने केला होता, म्हणून ते जुने मुद्रण कंपनीचेच राहिले. पण शब्द आणि चालीच्या जोरावर त्याला तेच गाणे नव्याने मुद्रित करण्याची मोकळीक होती. त्याने कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. काही आठवड्यांनी त्याच्या स्टेज कार्यक्रमावरचा दावा मागे घेतला गेला. त्याने ते गाणे पुन्हा गायले, या वेळी निर्माता म्हणून स्वतःचे नाव घालून. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

या कलमांबरोबर आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, हक्क लिहून देण्याचा व्यवहार लेखी आणि सहीचाच हवा. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. दोन, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापरच केला नाही, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास तो हक्क परत फिरतो. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. तो वाटा वारसांना किंवा हक्क गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. कंपनीला सोडून देता येत नाही. ‘मी सर्व रॉयल्टी सोडली’ असे लिहून घेतले, तरी ते टिकत नाही.

हा हक्क कसा मिळाला?

हा वाटा कोणी सहज दिला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चाल कागदावर स्वरलिपीत उतरवलेली असेल तरच ती संगीतरचना मानली जाई. म्हणजे आमचे शाहीर, गोंधळी, दंडारवाले त्या व्याख्येत बसतच नव्हते. गायकाला तर स्वतंत्र हक्कच नव्हता. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला आणि त्यावरून महंमद रफींशी त्यांचे मतभेद झाले, हे सर्वश्रुत आहे. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी पैसे देऊन गाणे करून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क निर्मात्याचा. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात स्थान नाही याकडे लक्ष वेधले.

१९९४ च्या दुरुस्तीने स्वरलिपीची अट गेली आणि सादरकर्त्याचा हक्क आला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी आवाज उठवला आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा आला. त्यानंतर २०१३ मध्ये गायकांच्या संस्थेची नोंदणी झाली. ती पूर्वी इसरा म्हणून ओळखली जाई. आता वादकांनाही सामावून इसाम्रा झाली आहे. आयपीआरएसची नव्या कायद्याखाली नोंदणी २०१७ मध्ये झाली.

मला या ठिकाणी वामनदादांची आठवण होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि हजारो गाणी लिहून गेला. महाराष्ट्रात असा जिल्हा नाही जिथे त्यांची गाणी गायली गेली नाहीत. त्या परंपरेत गाणे हे चळवळीचे देणे होते. लिहायचे, गायचे आणि पुढच्या गायकाच्या वहीत उतरू द्यायचे. त्यात हिशेब नव्हता, आणि त्या पिढीच्या दातृत्वापुढे मान लवते. पण कलावंताने स्वतःहून देणे वेगळे आणि त्याला न विचारता कोणीतरी घेणे वेगळे. आपला हक्क माहीत असलेला कलावंतच खऱ्या अर्थाने दान करू शकतो.

पैसा येतो कुठून?

खरे सांगायचे तर आजही आपल्या भागातील कलावंताचे बहुतेक उत्पन्न स्टेजचे आहे. इंटरनेटवर गाणे टाकले आणि घर चालले, असे फार थोड्यांचे होते. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी, किंवा छोट्या चित्रफितींना ९० दिवसांत एक कोटी दर्शक, अशी अट आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागील बारा महिन्यांत एखादे गाणे किमान एक हजार वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या मुद्रणाचे पैसे मिळणार नाहीत. ‘लाखो कमवा’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागण्यापूर्वी हे आकडे डोळ्यांसमोर असावेत.

गाणे या सेवांवर पोहोचवायला वितरक लागतो. काही वितरक वार्षिक शुल्क घेतात आणि उत्पन्न तुम्हाला देतात. काही शुल्क घेत नाहीत पण उत्पन्नात हिस्सा ठेवतात. शुल्क भरायचे थांबवले तर गाणे उतरते का, करार मोडायला किती दिवसांची सूचना द्यावी लागते, हे आधी वाचावे. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो त्या मुद्रणाचा गट नंबर समजा. बहुतेक वितरक तो स्वतः देतात. आपण तो वहीत लिहून ठेवायचा.

वितरकाकडून येतो तो पैसा मुद्रणाचा. शब्द आणि चालीचा पैसा वेगळ्या वाटेने, आयपीआरएससारख्या संस्थेमार्फत येतो. गीतकार-संगीतकार सभासदच नसेल, किंवा सभासद असून गाण्यांची नोंद केली नसेल, तर हा पैसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दारव्ह्याच्या गायकाचे हेच झाले होते. कायद्याने वाटा होता. तो घ्यायला दारात कोणी उभे नव्हते.

यात सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि सर्वांत जास्त नडणारी गोष्ट म्हणजे नाव. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे, यूट्यूबवर ‘शाहीर’ किंवा ‘लोकगायक’ लावलेले तिसरे आणि इंग्रजी स्पेलिंग दर गाण्याला नवीन. संगणक ही चार माणसे समजतो. एक नाव, एक स्पेलिंग ठरवा आणि ते आयुष्यभर तेच ठेवा. पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते काढा. पॅन दिला नाही तर कापल्या जाणाऱ्या कराचा दर २० टक्क्यांवर जातो. कार्यक्रमांच्या पत्रिका, प्रमाणपत्रे, मानधनाच्या पावत्या फायलीत लावा. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत एप्रिल २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये ठरले. पन्नाशी उलटलेला कलावंत जेव्हा या योजनेसाठी जातो, तेव्हा कलेच्या सेवेचा पुरावा मागितला जातो आणि तिथेच अनेकांचे अर्ज अडतात.

फुकट शिकायचे कुठे?

शिकण्याची साधने नाहीत असे नाही. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य आहे. याच संघटनेने संगीतकारांसाठी ‘क्लिप’ नावाचे विनामूल्य शिक्षण-व्यासपीठही उभे केले आहे. आयपीआरएसने ‘लर्न अँड अर्न’ या नावाने कलावंतांसाठी कार्यशाळा घेतल्या आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये बौद्धिक संपदा जागरूकतेचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्यातून शाळा-महाविद्यालयांत विनामूल्य व्याख्याने झाली. या विषयाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था, दिल्ली-मुंबईत नसून आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

कराराबाबत प्रत्यक्ष सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याची विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि सर्व महिला यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळू शकते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. कोलाम, गोंड कलावंत, भीमगीते गाणारे बहुतेक शाहीर आणि आपल्या साऱ्या गायिका यात येतात. १५१०० हा या सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. जमिनीच्या आणि कुटुंबाच्या भांडणासाठी लोक तिथे जातात. गाण्याच्या करारासाठीही जाता येते.

एक सावधगिरी मात्र हवी. फुकट शिकवणारा कोण आहे, हे आधी पाहावे. एखादी गाणी ऐकवणारी कंपनी तिचे व्यासपीठ कसे वापरावे हे उत्तम शिकवील. पण तिचा करार तुमच्या हिताचा आहे का, हे ती सांगणार नाही. काही ‘मोफत कार्यशाळा’ दुपारनंतर वितरणाचा करार पुढे सरकवतात. शिकून या, सही घरी आल्यावर करा. आजचा दिवस गेला तर संधी जाईल असे जो म्हणतो, त्याच्या कागदावर तर मुळीच सही करू नका.

आणि मुख्य अडचण भाषेची. यातले बहुतेक शिक्षण इंग्रजीत आहे. आमच्या बैठकीत येणारी मंडळी वऱ्हाडी बोलतात, गोरमाटी बोलतात, काही कोलामी आणि गोंडी. त्यांच्यासाठी शिक्षण त्यांच्या जवळ आणि त्यांच्या बोलीत न्यावे लागेल. कृषी विभागाची शेतीशाळा जशी बांधावर भरते, तशी कलावंतांची शाळा तालुक्याच्या वाचनालयात, समाजमंदिरात किंवा तांड्यावरच्या शाळेत भरू शकते. चार संध्याकाळी पुरतात. पहिल्या दिवशी हक्क कोणते ते समजून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी एक खरा करार नावे झाकून सर्वांनी मिळून वाचायचा. तिसऱ्या दिवशी खर्च आणि वाटणीचा हिशेब मांडायचा. चौथ्या दिवशी आपापल्या मोबाइलवर प्रत्यक्ष अर्ज भरायचे. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एखादा वाणिज्याचा शिक्षक, एखादा तरुण वकील, संगणक जाणणारी एखादी मुलगी आणि चहाची सोय एवढे पुरे. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हा विषय घेतला, तर मुलांनाही गावाची एक नवी बाजू कळेल.

कापसाच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट पाहत आलो. बोंड आपल्या वावरात फुटते आणि त्याच्या कापडाची किंमत दुसरीकडे ठरते. कापसाला जिनिंग लागते, गिरणी लागते; ते एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसते. गाण्याचे तसे नाही. त्याला लागतो एक कागद, एक वही आणि सही करण्यापूर्वी थांबून वाचण्याची सवय. ज्यांच्या घरात जुने करार पडले असतील, त्यांनी या आठवड्यात ते बाहेर काढावेत. मुदत कुठे लिहिली आहे, तेवढे आधी पाहावे.